पाच बंदुका, एक दुर्बीण

भोरला बदली झाली तेव्हा खोली शोधत मी ज्या पहिल्या घरात शिरले, तिथं पडवीत एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या. मेथीच्या जुडीशेजारीच एक बंदूक आडवी ठेवलेली होती आणि तिच्या नळीतून जुन्या लुगड्याची चिंधी बाहेर डोकावत होती. बाई चार काड्या मेथी निवडायच्या, हात पुसून चिंधी थोडी ओढायच्या, मग परत मेथी.

“घाबरू नका,” माझ्याकडं न बघताच त्या म्हणाल्या. “छर्‍याची आहे. हिला लायसन लागत नाही. आणि भाडेकरूंवर मी कधी चालवत नाही. काय करता तुम्ही?”

“मोजणी खात्यात आहे. जमिनी मोजते.”

मेथी बाजूला झाली. “म्हणजे दुर्बिणीतून बघता की तुम्ही! मला एक सांगा, तुमच्या ऑफिसात प्रत्येकाला वेगळी दुर्बीण असते, का सगळ्यांत मिळून एक?”

खोलीबद्दल एक शब्दही बोलायच्या आधी कुणी हे विचारेल असं मला वाटलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. यंत्र एकच आहे आणि आम्ही ते आळीपाळीनं नेतो.

“ऐकलंत का हो भाऊजी?” बाई घरात तोंड करून ओरडल्या. “सरकार माझ्या बाजूनं आहे!”

आतून पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ चहाचा कप घेऊन दारात आले. सावकाश एक घोट घेऊन म्हणाले, “म्हून तर बांधाची भांडणं मिटत न्हाईत.”

खोली मला मिळाली.

सगळं भोर त्यांना ‘बाई’च म्हणायचं. मुलींच्या शाळेत त्यांनी हयातभर पी.टी. शिकवली होती, त्यामुळं गावातल्या निम्म्या बायका त्या समोरून येताना दिसल्या की अजूनही नकळत पाठ ताठ करायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. चहा पिणारे गृहस्थ म्हणजे त्यांचे धाकटे दीर. ते आंबवड्याला शेती करायचे. बाजाराच्या दिवशी यष्टीनं भोरला यायचे, वहिनीला तांदूळ, भाजी, घरचं ताक द्यायचे आणि परतीच्या गाडीआधी दुर्बिणीवरून एकदा भांडून जायचे. मीही त्यांना काका म्हणू लागले.

बाईंकडं छर्‍याच्या बंदुका पाच होत्या. प्रत्येकीला नाव होतं. सगळ्यांत जुनी, जड लाकडी दस्त्याची ती थोरली. चाप ओढला की पुढंही हिसका मारायची आणि मागंही, ती चिडकी. पंपानं हवा भरून ठेवायची आणि बार झाला तरी शेजारच्या खोलीत कळायचं नाही, ती मुकी. कुणीतरी दोन दिवस सांभाळायला म्हणून दिली आणि परत न्यायला आलंच नाही, ती पाहुणी. पाचवी ठेंगणी. ती मूळची जत्रेतली, फुगे फोडायची.

आणि या पाचजणींत मिळून दुर्बीण एक. बाई निवृत्त झाल्या तेव्हा जुन्या विद्यार्थिनींनी मिळून दिलेली. काच अशी स्वच्छ, की तिच्यातून समोरच्या चिंचेच्या झाडावरचा डोंबकावळा बघताना त्याच्या चोचीवरची माती दिसायची.

भांडण या एका दुर्बिणीवरून होतं. दुर्बीण एका बंदुकीवरून काढून दुसरीवर चढवली की आधीची जुळणी वाया जाते. दिसतं सगळं, पण दिसतं तिथं छर्रा जात नाही. मग समोर कागद लावायचा, ठिपका काढायचा, छर्रे मारून बघायचं कुठं पडतात ते, आणि दुर्बिणीवरची बटणं टकटक करत फिरवायची. एक खाली-वर करणारं, एक डावीकडं-उजवीकडं करणारं. दुर्बिणीतली फुली आणि छर्रा एका जागी येईपर्यंत हेच चालू. यात अख्खी सकाळ जाते. काकांचं म्हणणं होतं की ही सकाळ फुकट जाते. बाईंचं म्हणणं, हीच तर खरी सकाळ.

“प्रत्येकीला तिची दुर्बीण द्या आन् मोकळ्या व्हा,” काका म्हणायचे. “लगीन एकदा लावलं की लावलं. रोज नवरा बदलून संसार हुतो का, वैनी?”

“चष्मा डोळ्याचा असतो भाऊजी, नाकाचा नव्हे. डोळा माझा एक, तर काचही एकच. पाच हलक्या काचांतून पाच वेगवेगळी जगं बघायची, त्यापेक्षा एका चांगल्या काचेतून एकच बघेन.”

“आन् ऐन वेळंला?”

“कसली ऐन वेळ? मला काय लढाईवर जायचंय?”

काकांकडं स्वतःची एक बंदूक होती, आणि तिच्यावर एक दुर्बीण. एकदा बसवली ती बसवली. स्क्रू आवळून झाल्यावर त्यांनी सुनेचं लाल नेलपॉलिश आणून प्रत्येक स्क्रूवर आणि दुर्बीण धरणार्‍या पकडीवर मिळून एकेक रेघ ओढली होती. स्क्रू केसभर जरी फिरला तरी ती रेघ मोडणार. वर्षातून मोजक्या वेळा ते ती बाहेर काढायचे, एक छर्रा मारायचे, तो मधोमध गेला की समाधानानं परत कपाटात ठेवायचे. बाई तिला ‘दिवाणखान्यातली सून’ म्हणायच्या. “दिसायला छान, कामाला कधी हात नाही.”

मला दोघांचंही पटायचं. रोज मीही यंत्र नव्या जागी उभं करत होते, पाण्याचा बुडबुडा मधे आणत होते, मगच पहिला आकडा घेत होते. त्या खटाटोपात जमीन पायाखाली कळते, हे बाईंचं म्हणणं खरं होतं. पण शेवटच्या शेतात पोचेपर्यंत उन्हं उतरतात आणि माणसं कावतात, हेही खरं होतं. त्यामुळं बाजाराच्या दिवशी दोघंही मला साक्षीदार म्हणून पडवीत बसवायचे आणि दोघंही माझ्यावर नाराज व्हायचे.

बाई कधी पाखरावर, जनावरावर बंदूक धरायच्या नाहीत. भाटघरच्या बाजूचा एक शेतकरी एकदा वानरांनी वैतागून आला होता. “बाई, नुस्तं भ्या दाखवायला या की.” बाईंनी त्याला बसवून चहा दिला, त्याच्याबरोबर जाऊन वानरांकडं बघत अर्धा दिवस झाडाखाली बसल्या आणि येताना म्हणाल्या, “त्यांचा म्होरक्या माझ्यापेक्षा शिस्तीचा आहे. शिट्टी न मारता पोरं रांगेत चालवतो.” त्यांचं निशाण म्हणजे चिंचोका. दोर्‍याला एक चिंचोका टांगायचा आणि दूर जाऊन पालथं पडायचं. वार्‍यानं तो हलत असला तर जास्तच आनंद.

बंदूक घेऊन त्या यष्टीनं खुशाल हिंडायच्या. गोधडीत गुंडाळून, वर सुतळी बांधून. एकदा नव्या कंडक्टरनं विचारलं, “मावशी, तंबोरा हाय का?”

“नाही. एअरगन आहे. तिला अर्धं लागतं का पूर्ण?”

कंडक्टर जो पुढं गेला तो भोर येईपर्यंत मागं फिरकला नाही.

ठेंगणीची गोष्ट त्या रंगून सांगायच्या. तरुणपणी एका जत्रेत त्यांनी पाहिलं, चांगले चांगले गडी फुग्यावर नेम धरतायत आणि फुगा एकाचाही फुटत नाही. त्या बाजूला उभ्या राहून नुसत्या बघत राहिल्या. छर्रा जायचा तो कायम नेमाच्या उजवीकडं. मग त्यांनी बंदूक घेतली, लाल फुग्यावर नेम धरला आणि शेजारचा पिवळा फोडला. मग पिवळ्यावर नेम धरून हिरवा. फुगेवाला रडकुंडीला आला. पुढं दरवर्षी तो बाईंना बघितलं की हात जोडायचा, “बाई, तुमी फकस्त चहा घ्या.” म्हातारपणी धंदा बंद केला तेव्हा त्यानं बंदूक आपणहून घरी आणून दिली. “हिची खोड तुमालाच ठावी हाय,” म्हणाला.

हे सगळं सांगितलं कारण पुढं जे झालं ते यातूनच झालं.

माझं दुसरं वर्ष चालू असताना मला एक गोष्ट जाणवायला लागली. दुर्बीण फारच फिरायला लागली होती. पूर्वी ती एखाद्या बंदुकीवर दोन-तीन महिने तरी टिकायची. आता सोमवारी थोरलीवर, तर गुरुवारी मुकीवर. जुळणीची ती एक सकाळ आता दुपारपर्यंत लांबायची आणि दुपारी बाई म्हणायच्या, “हिचा आज मूड नाही. पाहुणीवर चढवून बघू.” पाहुणीचाही मूड नसायचा. मी कागद बघायचे. छर्रे भलतीकडं पण एका जागी पडले असते तर बटणं फिरवून काम झालं असतं. पण ते कागदभर विखुरलेले असायचे, जोंधळे फेकल्यासारखे.

“चिडकीनं काच खिळखिळी केली असणार,” बाई म्हणायच्या. ते अशक्य नव्हतं. पुढं-मागं हिसके मारणारी बंदूक चांगल्या चांगल्या दुर्बिणी मोडते.

काकांना आयतंच मिळालं. “म्या काय सांगत हुतो? सारखं स्क्रू सोडा, स्क्रू आवळा. काचेला बी जीव असतो, वैनी.”

त्याच सुमारास बाईंनी न्हाणीघरात नव्या फरश्या बसवून घेतल्या आणि गवंड्याशी वाजलं. बाई म्हणत होत्या, मधली ओळ वाकडी बसलीय, पोटात गेलीय. गवंडी दोरी धरून दाखवत होता. शेवटी दोघांनी मला बोलावलं. मी माझी दोरी ताणली, पट्टी लावली. ओळ सरळ होती.

“तुला सरळ दिसते?” बाईंनी विचारलं. एव्हाना त्या मला ‘अगं-तुगं’ करू लागल्या होत्या.

“सरळ आहे, बाई.”

“सरकारी मोजणी!” म्हणून त्या फणकार्‍यानं निघून गेल्या.

आणि काही दिवसांनी त्यांनी दुर्बीणच माझ्या हातात दिली. “बघ. आतली रेघ वाकलीय. उभी रेघ. मधे आल्यावर सापासारखी वळते.”

मी खिडकीतून समोरच्या टाकीवर धरून बघितली. उभी रेघ उभी होती, आडवी आडवी. मी तसं सांगितलं. बाईंनी दुर्बीण घेतली, पुन्हा बघितलं आणि फडक्यात गुंडाळून ठेवली. मला काहीतरी खटकलं, पण काय ते धरता येईना. वाकडी फरशी आणि वाकडी रेघ या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत पडून होत्या.

पासलीला बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं सासर होतं. भात कापून झालं की तिची खाचरं मोकळी व्हायची आणि मागं डोंगराची कड उभी, त्यामुळं छर्रा कुठं भरकटायची भीती नाही. थंडीत एकदा तिथं जायचा बाईंचा रिवाज होता. त्या वर्षी काका म्हणाले, मीबी येतो. त्यांच्या काखेत गोधडीत गुंडाळलेली दिवाणखान्यातली सून होती.

“आज निकाल लावायचा,” ते जीपमध्ये मला म्हणाले. “वैनीची दुर्बीण बिघडलीय. माझ्या बंदुकीनं मारू द्या, म्हंजी त्यांनाच पटंल.” भाटघरचं पाणी मागं पडून वेल्ह्याचे डोंगर जवळ येईपर्यंत ते जिंकल्यासारखे खुशीत होते.

खाचरात गवताच्या पेंढ्या पसरून बाई मुकी घेऊन पालथ्या पडल्या. समोर बांधावर बाभळीच्या फांदीला चिंचोका. वरच्या धनगरवाड्यातली एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती, ती थांबली.

“काय मारताय गं बायानू?”

“चिंचोका,” विद्यार्थिनीनं सांगितलं.

“आन् मंग खायाला काय?” म्हातारी हसत पुढं गेली.

बाईंनी मारायला सुरुवात केली. चिंचोक्याच्या मागं लावलेल्या पुठ्ठ्यावर टप टप भोकं पडत गेली. एक वर, एक खाली, एक पार कोपर्‍यात. चिंचोका वार्‍यावर डुलत होता तसाच डुलत राहिला.

“रेघ वाकलीय, त्याला बंदूक काय करणार?” बाई म्हणाल्या.

“ही घ्या.” काकांनी आपली बंदूक पुढं केली. “बसवल्यापास्नं हिचा स्क्रू हलल्याला न्हाई. नेलपॉलिश बघा, तडा बी न्हाई. मारा हिनं.”

बाईंनी ती खांद्याला लावली. गाल दस्त्यावर टेकवला. आम्ही बार ऐकायची वाट बघत राहिलो. बार झाला नाही. बराच वेळ झाला तरी झाला नाही. मग त्यांनी बंदूक खाली घेतली.

“भाऊजी, तुम्ही मारा बघू एक.”

काका पुढं झाले, पालथे पडले आणि मारला. चिंचोक्याच्या ठिकर्‍या उडाल्या. दोरा तेवढा हलत राहिला. काकांनी वळून बघितलं, तोंडभर हसू होतं.

बाईंनी त्यांच्या हातातून बंदूक परत घेतली. दुर्बिणीतून त्या दोर्‍याकडं बघितलं. मग मान दस्त्यावरून तशीच पलीकडं टाकली आणि डाव्या डोळ्यानं बघितलं. परत उजव्या. परत डाव्या. मग त्या उठून बसल्या आणि मला म्हणाल्या, “न्हाणीघरातली ती ओळ खरंच सरळ आहे का गं?”

“सरळ आहे, बाई.”

“आणि माझ्या दुर्बिणीतली रेघ?”

“तीही.”

काकांच्या चेहर्‍यावरचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. मी त्यांच्याकडं बघितलं तेव्हा ते चपळाईनं बंदुकीवर वाकले होते आणि पकडीला हात लावून म्हणत होते, “माझी बी वाकली वाटतं, वैनी. व्हय, वाकलीच. जीपमंदी लई दणके बसले.”

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. आवाज अगदी शांत होता.

“भाऊजी, खोटं बोलायचं होतं तर आधी नेम चुकवायचा होता.”

काकांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. विद्यार्थिनी चहा ठेवायच्या निमित्तानं घराकडं गेली.

“एका डोळ्यानं दोन दुर्बिणी वाकड्या दिसतात,” बाई म्हणाल्या. “दुसर्‍यानं सरळ. मुलींना विचारलं असतं तर पहिल्या इयत्तेतल्या पोरीनंही उत्तर दिलं असतं.” मग गवताची एक काडी बोटाला गुंडाळत, “तुमचंच खरं होतं हो. एकीवर कायमची बसवली असती तर हे मला मागच्या वर्षीच कळलं असतं. आज एकीवर, उद्या दुसरीवर. दुर्बीण फिरत राहिली की चूक कुणाचीच नसते.”

“न्हाई वैनी,” काका म्हणाले. “कोण म्हंतं माझं खरं? उगं आपलं बोलायचं म्हून बोलतो म्या.”

इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ते हातात आलं होतं आणि त्यांना ते कुठं ठेवावं कळत नव्हतं. येताना जीपमध्ये दोन्ही बंदुका त्यांनी मांडीवर आडव्या धरल्या होत्या, झोपलेलं मूल धरावं तशा.

पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं आम्ही तिघंही गेलो. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी चौकटी आखलेला एक कागद बाईंसमोर धरला. बाई म्हणाल्या, “उजव्या डोळ्यानं या रेघा मधे वितळल्यासारख्या दिसतात.” डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला मधोमध सूज होती, नको तिथं रक्तवाहिन्या वाढल्या होत्या. उजव्याची मधली नजर पहिल्यासारखी होणं कठीण, पण इंजेक्शनं देऊन आहे ते टिकवता येईल. डावा आज चांगला आहे, त्याच्यावर लक्ष ठेवू.

“इंजेक्शन कुठं?” काकांनी विचारलं.

“डोळ्यात.”

काका खुर्चीत बसले. बाईंनी मात्र पुढं सरून विचारलं, “देणार कोण?”

“मीच.”

“हात पुढं करा बघू. सरळ. बोटं पसरा.”

डॉक्टरांनी गोंधळून हात पुढं केला. बाईंनी आपला तळहात त्या बोटांखाली धरला आणि बघत राहिल्या, चाप ओढायला शिकवताना पोरींची बोटं बघायच्या तशा. “चालेल,” म्हणाल्या. “श्वास सोडून झाल्यावर टोचा. घेताना नको.” डॉक्टर हसल्या, पण टोचताना त्यांनी खरंच श्वास सोडून धरला असं बाई पुढं प्रत्येकाला सांगायच्या.

त्यानंतरचे महिने घर गप्प होतं. बंदुका कपाटात, दुर्बीण फडक्यात. बाई इंजेक्शनाला जायच्या, येऊन काळा चष्मा लावून पडवीत बसायच्या. काका बाजाराच्या दिवशी यायचे, ताक ठेवायचे, खुर्चीच्या कडेला बसायचे. भांडायला काही नव्हतं. मला वाटलं हे संपलं. बाईंच्याकडं बघून वाटायचं की डोळ्यापेक्षा त्यांना दुसरंच काही गमावल्याचं दुःख होतंय. आपण आपल्यालाच फसवलं, आणि तेही इतक्या हौसेनं.

एका बाजाराच्या दिवशी काका आले ते उभ्या उभ्याच बोलायला लागले.

“वैनी, एक इचार करतोय. माझी दुर्बीण कपाटात नुस्ती पडून र्‍हाती. येवढी चांगली काच, एकाच बंदुकीच्या डोस्क्यावर. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? तुमी म्हंता त्येच बराबर. दुर्बीण फिरती पाहिजे.”

बाईंनी काळा चष्मा कपाळावर चढवला.

“काय बोलताय तुम्ही? आणि जुळणी?”

“करायची परत. सकाळ जातीया तर जाऊ द्या.”

“भाऊजी, तुम्हाला काडीचं कळत नाही.” आवाज चढला होता. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. “दुर्बीण एकदा बसवली की हलवायची नाही! फिरत्या दुर्बिणीनं माझं काय केलं ते डोळ्यानं बघितलंत ना?”

“त्यो दुर्बिणीचा दोष न्हाई. चष्मा डोळ्याचा असतो, नाकाचा न्हाई.”

“माझी वाक्यं मला ऐकवू नका!”

भांडण परतीची यष्टी निघून गेल्यावरही चालू होतं. काकांना त्या दिवशी शेजार्‍याच्या मोटरसायकलवरून सोडावं लागलं. पायरी उतरताना त्यांनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले तेव्हा मला कळलं की आज ते भोरला नुसतं ताक घेऊन आले नव्हते.

दुसर्‍या दिवशी बाईंनी पाचही बंदुका पडवीत काढल्या आणि एकेक करून डाव्या खांद्याला लावून बघायला लागल्या. चौघींचे दस्ते उजव्या गालासाठी कोरलेले, डावा गाल त्यांवर बसेना. फक्त ठेंगणीचा दस्ता दोन्हीकडून सारखा सपाट होता. जत्रेत डावरेही येतात ना. बाईंनी दुर्बीण ठेंगणीवर चढवली आणि स्क्रू स्वतः आवळले. पाना मला हातात धरू दिला नाही.

मग सगळंच डाव्या हातानं सुरू झालं. भाजी चिरणं, रांगोळी, वेणी, फोन. डाव्या बोटाला धीर यावा म्हणून त्या रिकाम्या बंदुकीचा चाप तासन्‌तास हलक्या हातानं ओढत बसायच्या. वरण डाव्या हातानं वाढताना अर्धं माझ्या ताटाबाहेर जायचं आणि त्या म्हणायच्या, “तुला बदलीची ऑर्डर आली की पहिल्यासारखं वाढेन.”

ती ऑर्डर खरंच आली. निघायच्या आधी काकांनी आम्हाला आंबवड्याला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर बाई गोधडीत गुंडाळलेली ठेंगणी उचलून मळ्याकडं चालायला लागल्या. काका आणि मी मागोमाग गेलो. ज्वारी काढून झालेल्या रानात त्यांनी सतरंजी पसरली. काकांनी पलीकडच्या ताडाच्या बुंध्याला कागद लावला, त्यावर काळी फुली काढली आणि बाजूला बांधाआड जाऊन उभे राहिले.

बाई पालथ्या पडल्या. डाव्या कुशीवर भार द्यायची शरीराला सवय नव्हती. त्या दोनदा उठल्या, साडी सारखी केली, परत पडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं नवशिक्यासारखं चाचपडताना पाहिलं नव्हतं. मग त्या स्थिर झाल्या. पाठीवरून श्वास वर-खाली होताना दिसत होता. तो थांबला आणि बार झाला.

त्यांनी बंदूक खाली ठेवली तसे काका कागदाकडं गेले. बराच वेळ ते वाकून बघत राहिले.

“काय ते खरं सांगा, भाऊजी!”

“फुलीला न्हाई लागला, वैनी. चार बोटं डावीकडं हाय.”

बाईंनी मान हलवली. काका पुन्हा बांधाआड गेल्यावर त्यांनी दुसरा छर्रा भरला. बटणांना हात लावला नाही. बार झाला. मग तिसरा, तसाच.

काका कागदापाशी गेले आणि या वेळी वाकले नाहीत. तिथूनच ओरडले. आवाज मळाभर गेला.

“चार बोटं डावीकडंच हाय, वैनी! तिन्हीबी! तिन्हीचं मिळून एकच भोक पडलंय!”

बाई हलल्या नाहीत. गाल दस्त्यावर तसाच टेकलेला होता. मग त्यांचा हात वर आला, दुर्बिणीवरचं बाजूचं बटण बोटांनी चाचपून शोधलं आणि सावकाश फिरवलं. टक, टक, टक. काका कागदापासून लांब झाले. चौथा बार झाला.

काका बघायला निघाले तसं बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. बंदूक सतरंजीवर ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर खोचला आणि छर्रा कुठं गेला ते बघायला स्वतः रान तुडवत निघाल्या.